एकवीस, डांगर

“एकवीस, डांगर. बावीस, अंबाडी. तेवीस, कारलं.”

लॅपटॉपच्या स्पीकरमधून हे आलं तेव्हा मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होते. आधी वाटलं, मंडईतलं कुणीतरी भाव सांगतंय. मग “चोवीस, बटाटा” ऐकू आलं आणि मला कप ठेवायला जागा सापडेना. ही भाजी नव्हती. ही आमची बाराखडी होती. अख्ख्या सांगलीत ती फार तर डझनभर माणसांना ठाऊक होती आणि त्यातली एक मी होते.

रविवारची सकाळ होती. नवरा दूध संघाची गाडी घेऊन पुण्याला गेला होता, सासूबाई देवळात गेल्या होत्या. माझ्या नणंदबाई, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण शालन, आमच्या घरामागच्या शाळेत परीक्षेला बसल्या होत्या. मी त्यांना वन्सं म्हणते. एका सरकारी महामंडळाची लिपिक भरती होती. थोड्या वेळापूर्वीच मी त्यांना शाळेच्या फाटकापाशी सोडून आले होते. तिथं तपासणी म्हणजे काय, तर बूट काढायला लावले आणि पाण्याची बाटली उलटीपालटी करून बघितली.

वन्सं सासर सोडून माहेरी परत आल्या होत्या त्याला बरीच वर्षं झाली होती. आमचं घर दोन खोल्यांचं. त्या स्वयंपाकघरात झोपायच्या, तिथंच ओट्याच्या कडेला पुस्तक टेकवून अभ्यास करायच्या. भाकरी थापता थापता त्यांनी अख्खं अंकगणित पाठ केलं होतं. सासूबाई येता-जाता ‘आता काय म्हातारपणी कलेक्टर होणार’ म्हणायच्या, त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. नोकरी लागली की एक खोली भाड्यानं घ्यायची आणि तिला आपल्या हातानं कुलूप लावायचं, एवढंच त्यांनी मला एकदा बोलून दाखवलं होतं. त्या वर्षी त्यांची वयाची मर्यादा संपत होती. म्हणजे हा शेवटचा पेपर.

आणि त्या पेपरची उत्तरं माझ्या लॅपटॉपमधून येत होती. आकडा प्रश्नाचा, भाजी पर्यायाची.

मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात रेडिओ ऐकते. म्हणजे गाण्यांचा नव्हे. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ असं त्याचं भारदस्त नाव आहे, वस्तू मात्र पेनड्राइव्हएवढी. मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला काढलेला डोंगल तो. आमच्यासारख्या हौशी लोकांनी शोधून काढलं की त्याला तार जोडली आणि बाकीचं काम सॉफ्टवेअरकडं दिलं, तर विमानं, जहाजं, उपग्रह, सगळं ऐकता येतं. स्क्रीनवर निळा रंग वरून खाली ओघळत राहतो आणि जिथं कुणी बोलत असेल तिथं पिवळी रेघ उमटते. रेघेवर बोट ठेवायचं की आवाज. त्याचा उपयोग काय, असं मला स्टाफरूममध्ये सगळे विचारत. क्रिकेट बघण्याचा उपयोग काय, असं त्यांना कुणी विचारत नसे. गच्चीवर मी तारेचा अँटेना उभा केला होता आणि सासूबाई एकदा त्यावर साडी वाळत घालायच्या बेतात होत्या.

त्या दिवशी हवामानाचा एक उपग्रह डोक्यावरून जाणार होता. तो ढगांचं चित्र पाठवतो, ते पकडायला म्हणून मी सकाळपासूनच रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. ह्या रेडिओची गंमत अशी की तो एकच स्टेशन रेकॉर्ड करत नाही, अख्खा पट्टा साठवून ठेवतो. नंतर कधीही परत जाऊन त्या पट्ट्यातलं हवं ते ऐकता येतं. उपग्रहाच्या शेजारी एक जाड पिवळी रेघ दिसली. तिथं आमच्या गावात कधीच कुणी बोलत नाही. म्हणून मी तिच्यावर बोट ठेवलं.

आता बाराखडीचं सांगते. महापुराच्या वर्षी मोबाइल बंद पडले, तेव्हा बचावाच्या होड्यांना वायरलेसवरून कुठं जायचं ते सांगायचं काम आमच्या हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांच्या, गटाकडं आलं. गटाचे पुढारी कोठावळे काका. स्टेशन रोडला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हापासून मी त्यांच्या दुकानात जाऊन बसत असे. डिग्री मला कॉलेजनं दिली असेल, पण हातात सोल्डरिंग आयर्न त्यांनी दिलं. होड्यांना आम्ही अ, ब, क, ड अशी नावं दिली होती आणि वायरलेसच्या खरखरीत ब आणि ड सारखेच ऐकू येत होते. अल्फा, ब्राव्हो म्हणून बघितलं, तर होडीवाले कोण ब्राव्हो म्हणून विचारत. एकदा ड ऐवजी ब होडी निघाली आणि एका म्हातारीला पत्र्यावर आणखी एक रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी काकांनी आणि मी भाज्या ठरवल्या. अंबाडी, बटाटा, कारलं. ड ला काका डाळिंब म्हणत होते. मी म्हटलं, डाळिंब ही भाजी नाही आणि खरखरीत त्यातलं निम्मं गळून जातं. डांगर घ्या, त्यातला ‘आं’ कुठूनही पोचतो. त्यांनी तेच घेतलं आणि चार लोकांत माझं कौतुकही केलं.

लॅपटॉपमधला आवाज तोंडावर कापड धरून बोलल्यासारखा येत होता. पण दर चार-पाच आकड्यांनंतर तो माणूस घसा खाकरत होता आणि खाकरून झाल्यावर जीभ टाळूला लावत होता. ते खाकरणं मी कित्येक वर्षं दुकानात ऐकलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. शहाण्या बाईनं सरळ शाळेत जाऊन सांगितलं असतं. मला ते सुचलंही नाही. मला आधी तोंड बघायचं होतं. लॅपटॉप तसाच रेकॉर्डिंगवर ठेवला. माझ्याकडं टोपण तुटलेला एक जुना डोंगल होता, तो फोनला जोडला, त्याला बोटभर तार लावली आणि चपला घालून खाली उतरले.

आवाज कुठून येतोय ते शोधायची एक साधी पद्धत आहे. यंत्र छातीशी धरायचं आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. आपलं अंगच आडोसा होतं. ज्या बाजूला पाठ केल्यावर आवाज सर्वांत बारीक होतो, त्या बाजूला तो माणूस. मग थोडं चालायचं आणि परत फिरायचं. रविवारी सकाळी भर गल्लीत फोन छातीशी कवटाळून मी गरगर फिरत होते. पायरीवर लसूण सोलत बसलेल्या पाटीलमावशींनी विचारलं, “काय वं वैजयंती, अंगात आलं का?” मी म्हटलं, हो. ते खोटं नव्हतं.

मारुतीच्या देवळापाशी आवाज वाढला. पुढच्या चौकात फिरले आणि पाठ केली तरी तो कमी होईना, म्हणजे मी जवळ पोचले होते. मग आवाज मंद व्हावा म्हणून तार काढून टाकली. नुसत्या डोंगलवर परत फिरले, तेव्हा तो बंद असलेल्या पिठाच्या गिरणीकडं सापडला. गिरणीला बाहेरून जिना होता आणि वर एक खोली. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं होतं. ही पद्धतसुद्धा मला काकांनीच शिकवली होती.

दार वाजवलं. उघडलं ते काकांनीच. हातात वायरलेसचा सेट, त्याच्या तोंडाला रुमाल गुंडाळलेला. माझ्याकडं न बघताच म्हणाले, “किटली हितंच ठेव.” मग वर बघितलं.

“डांगर माझा शब्द आहे, काका.”

ते बाहेर आले आणि मागं दार ओढून घेतलं. आतून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारलं. चहावाला, असं काकांनी सांगितलं.

“तोंडात बसलंय गं,” ते हळू आवाजात म्हणाले. “नुसतं ब, ड म्हटलं की पोरांना कळंना झालं. सकाळी पयल्या दहातच घोळ झाला.”

मला वाटलं होतं ते मान खाली घालतील. ते मला तांत्रिक अडचण सांगत होते. मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. पेपरचा फोटो फोनवर बाहेर आला होता. खोलीत बसलेला माणूस उत्तरं काढत होता आणि काका ती वाचत होते. परीक्षेला बसलेल्या पोरांच्या बनियनमध्ये छोटा रिसीव्हर शिवला होता, कानात हरभऱ्याएवढा स्पीकर. ते रिसीव्हर काकांनी स्वतः बनवले होते. हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी फुशारकी होती आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. हीच फुशारकी त्यांनी मला माझा पहिला रिसीव्हर चालू झाला तेव्हा दाखवली होती. मोकळा पट्टा कोणता, हेही त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं. उपग्रहाच्या आसपास कुणी नसतं, काका, किती स्वच्छ ऐकू येतं, असं मीच हौसेनं सांगितलं होतं.

“त्या पेपरला वन्सं बसल्यात,” मी म्हटलं.

“ठाऊक हाय की. म्हणून तर सांगतो, खाली जा आन् गप घरी बस. तू तोंड उघडलंस की पेपर रद्द. समद्यांचाच. शालनचं वय ह्या वर्षाला सरतंय, तूच म्हणालीस न्हवं? पेपर बरा गेला असंल तिला, तर तू का तिच्या पायावर धोंडा घालतीस?”

हा विचार तोवर माझ्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांच्या डोक्यात मात्र तो आधीच आला होता. मी त्यांच्या दुकानात बसून, चहा पीत, घरचं माणूस समजून वन्संची काळजी बोलून दाखवली होती. त्या काळजीचा त्यांनी असा उपयोग केला.

मग त्यांनी महापूर काढला. आपल्याला काय मिळालं, म्हणाले. शाल आणि नारळ. त्यांचं दुकान छतापर्यंत बुडालं, त्याच्या पंचनाम्याला कोणी फिरकलं नाही, आणि ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं त्यांना भरपाई मिळाली. ह्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. त्यांच्याबरोबर कचेरीचे खेटे मी स्वतः घातले होते, तिथल्या साहेबाशी भांडलेही होते. ते खरं होतं, म्हणून तर मला जास्त संताप आला. खोटं बोलत असते तर थुंकून निघून आले असते.

“तुमचं दुकान नदीनं बुडवलं, काका. इमानानं पेपर लिहिणाऱ्यांना तुम्ही बुडवताय.”

“तुला शिकवलं कुणी, वैजू?” ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले.

“तुम्ही. म्हणून तर सापडलात.”

आतून त्यांना हाक आली. पुढची उत्तरं आली होती. दार अर्धं उघडून त्यांनी आत बघितलं, कागदावरचा आकडा वाचला, सेट रुमालासकट तोंडाशी धरला आणि माझ्यादेखत बटण दाबलं. “सत्तर, कारलं,” ते म्हणाले. क्षणभरानं माझ्या हातातला फोन त्यांच्याच आवाजात म्हणाला, “सत्तर, कारलं.” ह्या रेडिओत आवाज थोडा मागून येतो. माझ्या हातात ऐकायचं यंत्र होतं, बोलायचं नव्हतं. बोलायचं असतं, तर त्याच पट्ट्यात मी त्या पोरांना अशा शिव्या घातल्या असत्या की त्यांनी स्पीकर कानातून उपटून काढले असते. ते जमत नव्हतं, म्हणून मी जिना उतरले.

शाळेच्या फाटकाशी पोलीस उभा होता. त्याच्यासमोरून मी दोनदा गेले आणि दोनदा परत आले. बोलले तर वन्संची नोकरी जाते. नाही बोलले तर जिन्यावरचा माणूस जिंकतो. शिवाय त्याचं खरं ठरतं, की माणसाला एकदा घरचं काही टांगणीला लागलं की तो मूग गिळून गप्प बसतो. मी घरी आले आणि स्वयंपाकाला लागले. त्या दिवशी आपटला तितका कणकेचा गोळा मी आयुष्यात आपटला नसेल.

वन्सं आल्या त्या जवळजवळ पळत. साडीचा पदर खोचलेला, चेहरा तापलेला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. चपला काढायच्या आधीच सांगायला लागल्या. गणितं सगळी सुटली, व्याकरणात एकच अडलं, सामान्यज्ञानाचं तर वैजयंती तू परवा विचारलंस तेच आलं. उभ्या उभ्या त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. प्रश्नपत्रिका घरी आणायला परवानगी होती. ती ओट्यावर पसरून त्या एकेक प्रश्न मला दाखवत होत्या आणि मी तवा बघत होते.

“हा बघ, एकविसावा,” त्या म्हणाल्या. “क की ड, क की ड, किती वेळ घालवला मी ह्यावर. शेवटी ड केलं. चुकलं असणार.”

“ड च आहे,” मी म्हटलं.

“तुला काय ठाऊक? तू प्रश्न तरी वाचलास का?”

मी वाचला नव्हता. मी गॅस बंद केला. तेव्हा मी काहीतरी थाप मारू शकले असते. अंदाजानं म्हटलं, कुणीतरी बाहेर बोलत होतं, काहीही. पण सकाळपासून जे आत दाबून ठेवलं होतं ते त्या एका प्रश्नानं वर आलं आणि मी सगळं सांगून टाकलं. भाज्या, गिरणी, काका, सत्तर कारलं, सगळं. शिव्याही दिल्या. वन्सं भिंतीला टेकून ऐकत होत्या. मला वाटलं आता त्याही काकांना शिव्या देतील आणि मला बरं वाटेल.

“तू मला का सांगितलंस?” त्या म्हणाल्या.

मी तवा उचलून खाली ठेवला.

“तुला ठाऊक होतं मी यायच्या आधी. सांगायचं होतंस पोलिसाला, माझं वाटोळं झालं असतं, तुला शिव्या घालून रडले असते. नाहीतर गप्प बसायचं होतंस, मला नोकरी लागली असती, मी पेढे वाटले असते. दोन्हीपैकी काही केलं नाहीस. माझ्या ताटात आणून वाढलंस. आता मी गप्प बसले तर मी चोर, आणि बोलले तर मी रस्त्यावर. तू मात्र मोकळी.”

त्यांनी आवाज चढवला नव्हता. ताट त्यांनी मोरीत नेऊन घासलं, पालथं घातलं. मग म्हणाल्या, ऐकव.

मी लॅपटॉप आणून ओट्यावर ठेवला. पट्टा मागं नेला, पिवळ्या रेघेच्या सुरुवातीला. वन्सं प्रश्नपत्रिका आणि पेन घेऊन बसल्या. काका वाचत गेले, त्या टिकमार्क करत गेल्या. अंबाडी, कारलं, डांगर. पहिल्या काही प्रश्नांना काकांनी नुसतं ब, ड म्हटलं होतं, तेव्हा त्या थांबायच्या आणि मला परत लावायला सांगायच्या. शेवटापर्यंत त्यांनी ऐकलं. मग पान उलटून खुणा बघितल्या.

“माझी उत्तरं त्यांच्याएवढीच बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. “एखाददुसरं जास्तच. निकाल लागला की त्या सगळ्या पोरांच्या रांगेत माझं नाव येणार. मी त्यांच्यातलीच दिसणार.” पेनाचं टोपण लावलं. “चल. लॅपटॉप घे.”

मी म्हटलं, वन्सं, थोडा विचार करा. त्या म्हणाल्या, विचार करायची पाळी तू ठेवली आहेस का?

पोलीस ठाण्यात जे फौजदार होते त्यांना पेपरपेक्षा डोंगलमध्येच जास्त रस होता. हे काय आहे, कुठून आणलं, हे बाळगायला परवानगी लागते का, तुम्ही पोलिसांचं पण ऐकता का. मी समजावत राहिले की ह्याच्यातून नुसतं ऐकू येतं, बोलता येत नाही. त्यांनी डोंगल हातात घेऊन उलटा करून बघितला, जणू बॉम्ब सापडला होता. माझा पारा चढत होता. कॉपी करणारे गिरणीवर बसून चहा पीत होते आणि इथं चौकशी माझी चालली होती. मग फौजदारांनी खुर्ची मागं सरकवली आणि वन्संना विचारलं, तुमचा पेपर कसा गेला?

“चांगला गेला.”

“मग कशाला आलात? बाई, तुमचंच नुकसान आहे ह्यात.”

“चांगला गेला म्हणूनच आले. निकाल लागेपर्यंत थांबले असते, तर तुम्हीच म्हणाला असता, नापास झाली म्हणून बोंबलतेय. तक्रार माझ्या नावानं लिहा. हिच्या नको.”

फौजदारांनी कागद ओढला. आवाज कुणाचा आहे ते सांगता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाव सांगितलं. संपूर्ण नाव, दुकानाच्या पत्त्यासकट. सांगताना जीभ जड झाली नाही, उलट सगळं एका दमात बाहेर पडलं. रडू आलं ते घरी आल्यावर, न्हाणीघरात, आणि तेही दुःखानं नव्हे. इतकं चांगलं शिकवणाऱ्या माणसानं स्वतःची अशी माती केली, ह्या रागानं मी रडले.

त्या आठवड्यात गिरणीवरची मंडळी पकडली गेली. सेट सापडले, शिवलेले बनियन सापडले. काका जामिनावर सुटले. कोर्टात मी साक्ष द्यायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही बघितलं नाही. दुकान अजून बंद आहे. त्यांचं मला वाईट वाटतं का, असं लोक विचारतात. नाही वाटत.

परीक्षा रद्द झाली. ती बातमी आली त्या दिवशी दोन पोरांचे बाप आमच्या दारात येऊन उभे राहिले. तुमची खाज भागली, आमच्या पोरांचं काय, म्हणाले. त्यांची पोरं प्रामाणिक होती की बनियनवाली, देव जाणे. सासूबाईंनी घरात आलेली लक्ष्मी घालवली म्हणून डोक्याला हात लावला. नवऱ्यानं मला समजावलं की परीक्षा परत होईल, जुन्या उमेदवारांना सवलत देतीलच, सरकार इतकं निर्दय नसतं. मी त्यावर विश्वास ठेवला. वन्सं पुन्हा ओट्याला पुस्तक टेकवून बसायला लागल्या. माझ्याशी त्या कामापुरतं बोलत. मीठ कुठाय, दूध आलं का. मला ते सहन होत नव्हतं. एकदा मी म्हटलं, वन्सं, मला काय बोलायचं ते एकदा बोलून टाका. त्या म्हणाल्या, वेळ आली की बोलेन.

पुढच्या वर्षी, दुपारी, मी डाळीला फोडणी देत होते आणि कुकर लावलेला होता. वन्सं फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. महामंडळाची नवी जाहिरात आली होती. त्यांनी मला पळी खाली ठेवायला सांगितलं. गॅस बारीक केला. मग त्या वाचायला लागल्या, पहिल्या ओळीपासून, जाहिरात क्रमांकासकट. पूर्वीची परीक्षा गैरप्रकारामुळे रद्द करण्यात आली आहे. उमेदवारांनी नव्याने अर्ज करावेत. शुल्क परत मिळणार नाही. वयोमर्यादा नव्या जाहिरातीच्या दिनांकास गणली जाईल. पूर्वीच्या उमेदवारांना वयात कोणतीही सवलत अनुज्ञेय नाही.

मी म्हटलं, वन्सं, आपण वर अर्ज करू. तुम्ही स्वतः तक्रार केलीत, ते दाखवू, वकील गाठू, पेपरात देऊ.

“मी तुला काही विचारलं का?” त्या म्हणाल्या. “तुला ऐकायची हौस आहे ना? नुसतं ऐक.”

आणि त्यांनी परत वरून वाचायला सुरुवात केली. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, मी जागची हलले नाही. वयाची ओळ आली तेव्हा त्यांनी आवाज चढवला, मला ती नीट ऐकू यावी म्हणून.